मथुरा आणि दुर्बीण न धरणारी बंदूक

मथुरेने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बंदुकीत मोडून बसलेला एक स्क्रू बाहेर काढणं. लोकांना वाटतं, जाणारा माणूस शेवटी काहीतरी मोठं बोलून जातो. ती म्हणाली, "निघाला मेला." आणि तो तुकडा पदराला पुसून माझ्या हातावर ठेवला.

पडवीतच बसून केलं. शेडपर्यंत चालायचं म्हटलं तरी तिला धाप लागायची. बंदूक पोत्यात गुंडाळून मी गुडघ्यांत धरली होती आणि ती बारीक पोगर, म्हणजे छोटी टोकदार छिन्नी, लावून हातोडीने टिचक्या मारत होती. चार टिचक्या मारायच्या की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग मला शिव्या द्यायच्या. "नीट धरा. बकरी धरल्यासारखी काय धरताव?" मी म्हटलं, बकरी तरी ओरडते. ती हसली आणि हसल्यामुळे पुन्हा धाप लागली.

स्क्रू निघाल्यावर तिने चहा मागितला. म्हणाली, "उद्या भोकं बुजवू. सुभेदार यायच्या आत." दिवेलागणीला ती गेली. दिवा मीच लावला होता आणि तिला विचारायला वळलो होतो की वात वर करू का.

मथुरा माझी बायको. रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, संपून वाडी लागते तिथे आमचं घर, आणि घराला चिकटून बंदुका दुरुस्त करायची शेड. परवाना माझ्या बापाच्या वेळचा, मग माझ्या नावावर आला. डुकरं-माकडं हाकायच्या ठासणीच्या बंदुका यायच्या, कधी कुणाची एकनळी, दुनळी. लाकडाचं काम माझं. लोखंडावर लोखंड बसवायचं काम तिचं. ती संगमेश्वराकडच्या लोहाराची मुलगी. गिऱ्हाईक माझ्याशी बोलायला लागलं की ही आतून ओरडायची, "त्यांना काय इचारताव? ते तोंड हायत. हात माजे हायत." नवीन माणूस घाबरायचा. जुना माणूस सरळ आत जायचा.

दिसायला ती काही फार नव्हती. दात पुढे, आवाज भांडखोर, चालणं पुरुषासारखं. सकाळी उठल्यावर पहिलं काम चुलीला नमस्कार नाही, देवाला नाही, तर कानशी मोजून बघायची की मी एखादी कुठे टाकली नाही ना. मी टाकलेली असायची. कानस दुसऱ्याला द्यायची नाही. शेजारच्या सुताराने एकदा मागितली तर म्हणाली, "ह्यांची बायको माग, ती देतील. कानस नाय."

काजळ ती स्वतः धरायची. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची ताटली पालथी. त्या काजळाच्या दोन वाट्या असायच्या. एका वाटीत लोणी घालून पोरांच्या डोळ्यांसाठी. वाडीत मूल झालं की बाईमाणसं तिच्याकडे काजळ न्यायला यायची. आमचं स्वतःचं मूल राहिलं नाही. पण ती वाटी कधी रिकामी नसायची. दुसऱ्या वाटीत खोबरेल घालून शेडसाठी. लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांवर बसवायचे असतील तर एकाला ते काजळ बोटाने पातळ लावायचं, दुसरा त्यावर दाबायचा आणि उचलायचा. वरच्या तुकड्याला जिथे काळं लागलं तिथेच तो टेकतोय. तेवढंच घासायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा दाबायचं. असं करत करत एक वेळ येते की सगळीकडे सारखं काळं लागतं. मग म्हणायची, "आता नांदेल."

या कामात तिचा उजवा अंगठा आणि शेजारचं बोट कायमचं काळं पडलं होतं. लग्नकार्यात हळदीकुंकू लावायला गेली की बायका कुजबुजायच्या. ती मुद्दाम तेच बोट पुढे करायची.

कानस मारताना ती ऐकायची. चांगलं पोलाद असलं तर आवाज भरून येतो. हलकं लोखंड असलं तर कानस नुसती पुसल्यासारखी जाते. मला तो फरक आयुष्यात कधी नीट कळला नाही. ती म्हणायची, "तुमच्या कानात मेण हाय."

तिच्या बापाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिच्या गावात शिमगा झाला की पारध निघायची. अर्धा गाव ढोल-डबे वाजवत रानातून डुक्कर उठवायचा आणि बंदूकवाले पुढे वाटेवर बसायचे. म्हणजे डुक्कर मध्ये आणि त्याच्या मागे माणसं. तिचा बाप हाकाऱ्यांत होता. शेजाऱ्याने बार टाकला तो डुकराला न लागता बापाच्या मांडीत गेला. त्या बंदुकीच्या नळीवर पुढची माशी, नेम धरायची, ती तिच्या बापानेच बसवून दिली होती. शेजारी फार मागे लागला म्हणून घाईत, नरम झाळणावर, नुसत्या कथलाच्या डागावर. बाप खाटेवर पडून शेजाऱ्याची समजूत घालत होता, "तुजा दोष नाय रं. माशी हलली आसंल. मीच बसवली हुती." त्या पावसाळ्याच्या आधी तो गेला. मथुरा तेव्हा परकर नेसत होती. हे तिने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, भात कांडता कांडता. पुन्हा कधी काढलं नाही. पण बंदूक शेडमधून बाहेर जाताना ती माशीला अंगठ्याने रेटून बघायची. प्रत्येक बंदुकीची. मी बसवलेली असली तर दोनदा.

सुभेदार आमच्याकडे आला तो ऐंशीच्या पुढच्या वर्षांत. वाडीत तेव्हा एकाच घरात टीव्ही होता आणि रविवारी सगळे तिथे. सुभेदार देवरुखाच्या पलीकडचा, मराठा, पल्टनीतून कधीच निवृत्त झालेला. मोठ्या लढाईत तो दुर्बिणीच्या बंदुकीवर होता. लांबून, लपून, एकाच माणसावर नेम धरायचा, हे त्याचं काम. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या. फक्त हात थोडे थरथरायचे, ते लपवायला नेहमी काहीतरी धरून असायचा.

त्याने लांबडी पेटी उघडली. आत त्याच्या लढाईतल्या बंदुकीसारखीच बंदूक, पण नक्कल. वर उत्तरेकडे कुठेतरी कुणीतरी बनवलेली, त्याच्या लायसन्सात बसेल अशा बोअरची. लाकूड सुंदर होतं, ते मी कबूल करतो. अक्रोडाचं, तेल पाजलेलं. पितळेची पट्टी, जुने वाटावेत असे शिक्के, खोटं जुनं साल. कातडी पिशवीत दुर्बीण, ती मात्र खरी, जुनी, परदेशी. सुभेदार तिला हात लावायचा तो देवाच्या टाकाला लावावा तसा.

"दोन बार बरे जातात," तो म्हणाला. "मग नेम सरकतो. दुर्बिणीत काहीतरी ढिलं झालंय. बघ तू."

आतून आवाज आला, "ते नाय बगनार. हिकडं आना."

आम्ही तिघं बंदूक घेऊन चिरेखाणीत गेलो. वाडीच्या मागे चिरे काढून सोडलेली खोल खाण आहे, तिथे आम्ही बंदुका तपासायचो. समोरच्या लाल भिंतीवर चुन्याने टिपका काढला. सुभेदाराने चिऱ्यावर पोतं टाकून, पालथं पडून बार काढला. टिपक्यात. त्या थरथरणाऱ्या हातांचं काय झालं कुणास ठाऊक, बंदूक धरली की ते थांबले. दुसरा बार टिपक्याच्या कडेला. तिसरा पंजाभर उजवीकडे. चौथा भिंतीला लागला एवढंच. सुभेदाराने दुर्बिणीला आईवरून शिवी दिली आणि मग मथुरेकडे बघून जीभ चावली.

मथुरा म्हणाली, "तिला कशाला शिव्या देताव? ती बिचारी बगतंय ते बराबर बगतंय."

तिने दुर्बिणीची बैठक सोडवली. बैठक म्हणजे लोखंडाचा तो तुकडा, जो बंदुकीच्या अंगाला स्क्रूने बसतो आणि ज्याच्यावर दुर्बीण राहते. खाली काजळ लावून बघितलं तर दोनच ठिकाणी टेकत होती, बाकी अधांतरी. सुभेदार खूश झाला. म्हणाला, "सापडलं! बाय, तू सापडवलंस." तिने कानस काढली आणि बंदुकीच्या बॉडीवर, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, एकदाच ओढली. बॉडी म्हणजे नळीच्या मागचा तो जाड भाग, ज्यात काडतूस सरकतं आणि बार होतो त्याचा सगळा मार ज्याच्यावर येतो. शहरातले त्याला रिसीव्हर म्हणतात. ऐकून तिने कानस पिशवीत ठेवली. मला वाटलं, दमली.

त्या दिवशी तिने त्या दुर्बिणीतून बघितलं. एरवी ती त्या असल्या गोष्टींना "दुरून बगायचा डबा" म्हणायची आणि तोंड फिरवायची. सुभेदाराने आग्रह केला. परत येताना सड्याच्या टोकावर, जिथून खाली समुद्र दिसतो, तिथे ती उभी राहिली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. बराच वेळ बघत होती. मग खुदकन हसली. "होडीवर एक माणूस हाय. पाठ खाजवतोय. हात पोचत नाय त्याचा." आणि मग हसणं गेलं तिचं. म्हणाली, "त्याला ठावंच नाय, मी त्याला बगतंय ते."

सुभेदार म्हणाला, "त्याला कधीच ठावं नसतं, बाय."

तिने दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि लुगड्याला हात पुसले. पुन्हा कधी तिच्यातून बघितलं नाही.

सुभेदाराला ती बंदूक कशाला हवी, ते सांगतो. त्याच्या गावच्या शिमग्याच्या पारधीत यंदा मानाची जागा त्याची होती. हात थरथरतात म्हणून गावात त्याची टिंगल व्हायला लागली होती. कुणीतरी देवळात सगळ्यांपुढे म्हणालं की सुभेदाराला आता डबा वाजवायला द्या. त्याला त्या लोकांपुढे एकच बार लांबून, बरोबर टाकायचा होता. "एकदाच, बाय. मग मी ही पेटीत घालून ठेवतो." मला त्याचं वाईट वाटायचं. अजून वाटतं.

मथुरेने बैठक घासायला घेतली. काजळ, दाब, उचल, कानस. तोवर तिची छाती बिघडलेली होती. सरकारी डॉक्टरने तपासलं, मुंबईला न्या म्हणाला, हृदयात काहीतरी नवीन बसवतात म्हणाला. ती पडवीत बसून घासायची, पाय सुजलेले, उशाला दोन तक्के. मी म्हणायचो मुंबईला जाऊ. ती म्हणायची, "आधी हे होऊ दे." शेवटी एकदा बैठक अशी बसली की काजळ सगळीकडे सारखं लागलं. सुईच्या टोकाएवढी जागा मोकळी नाही. मी स्वतः बघितलं. आयुष्यात तिचं एवढं चांगलं काम मी पाहिलं नव्हतं.

चिरेखाणीत गेलो, मी आणि सुभेदार. ती येऊ शकली नाही. तीन बार टिपक्यात. चौथा बाहेर.

घरी आलो तेव्हा आमची तोंडं बघूनच तिला कळलं. सुभेदार म्हणाला, "आता काय राहिलं?"

ती म्हणाली, "मी बसवलंय ते बराबर हाय. ज्याच्यावर बसवलंय तेच बराबर नाय. ही बॉडी ओतीव हाय, सुभेदारानू. आत हवा हाय. हितं बगा, ही भोकं भरून वरून काळा रंग मारलाय. बार झाला की स्क्रूचे आटे वाईच ओढले जातात. परत बार, परत वाईच. मना पयल्या दिवशीच कळलं हुतं. मना वाटलं, बैठक चांगली बसवली तर धरंल."

"मोठा स्क्रू घाल."

"घालतंय."

घातला. तो धरला नाही. त्याहून जाड घातला, तो घट्ट करताना माझ्याच हाताखाली मोडला आणि आत राहिला.

दसऱ्याला आमच्याकडे शेडमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा असायची. दुरुस्तीला आलेल्या बंदुकाही पाटावर मांडायच्या, झेंडू वाहायचा, ती स्वतः प्रत्येकीला हळदकुंकू लावायची. स्क्रू मोडायच्या कितीतरी आधी, त्या वर्षीच्या दसऱ्याला, सुभेदाराची बंदूक पहिल्या खेपेला आमच्याकडेच होती. तिने तिला पाटावरून उचलून कोपऱ्यात उभी केली. मी म्हटलं, अगो, तिने काय केलंय? म्हणाली, "शिमग्यातल्या सोंगाला दसऱ्यात कशाला बसवताव?" तेव्हा मला ती खवचटपणाने बोलतेय असं वाटलं होतं.

स्क्रू मोडल्यावर सुभेदार आणि ती भांडले. पारध तोंडावर आली होती.

"मोडका काढ आणि दुर्बीण तशीच बसवून दे," तो म्हणाला. "पहिले दोन बार बरे जातात ना? मला एकच टाकायचाय."

"आणि गडबडीत तिसरा टाकलाव तर?"

"मी सैनिक आहे, बाय. मला बार मोजता येतात."

"पलीकडं डबे वाजवनारी पोरं हायत. त्यांना बार मोजता येत नायत."

"तुझा बापूस गेला म्हणून तू सगळ्या जगाच्या बंदुका—" तो एवढं बोलला आणि थांबला. मी त्याला ते कधीतरी सांगितलं होतं. मथुरेने माझ्याकडे बघितलं. मग सुभेदाराला म्हणाली, "व्हय. म्हनूनच. मी हाय तवर ही दुर्बीण हिच्यावर बसनार नाय. स्क्रू काढतंय, बैठकीची भोकं बुजवून देतंय. उघड्या डोळ्यांनी नेम धरा. नायतर डबा वाजवा."

सुभेदार गेला. जाताना म्हणाला, पारधीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एस्टीने येतो, जशी असेल तशी घेऊन जातो.

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, आता तरी मुंबईला चल. ती उताणी पडली होती, वर कौलांकडे बघत. म्हणाली, "नवीन बसवतात म्हनं. कशावर बसवनार ओ? हात लावून बगा." आणि माझा हात घेऊन स्वतःच्या छातीवर ठेवला. आत काहीतरी माशासारखं उलटसुलट होत होतं. "ओतीव हाय," ती म्हणाली. मी हात काढून घेतला. लोक म्हणतात, उचलून न्यायचं होतं. तिला कोण उचलणार होतं?

मग तो स्क्रू, तो चहा आणि दिवेलागण. ते मी वर सांगितलंच आहे.

रात्रीच तिला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं बसली होती. तिरडीच्या बांबूचे तुकडे अजून कुंपणाला पडले होते. सुभेदार आला. फाटकातच त्याला कळलं. टोपी काढली, माझ्या शेजारी येऊन बसला. हात गुडघ्यावर होते आणि थरथरत होते, धरायला काही नव्हतं. मग अगदी हळू म्हणाला, "पारध उद्या आहे." जरा थांबून, "दुर्बीण?"

शेजारचा सुतार त्याच्यावर खेकसला, "माणसासारखं बोल की रं!" मी उठलो. सुतार म्हणाला, "कुटं चाललास? सुतक हाय. शेड उघडायची नाय आता." मी शेड उघडली.

तिने आदल्या दुपारी पडवीत बसून बुच्या कापून ठेवल्या होत्या. बारीक, निमुळत्या, भोकात घट्ट जातील अशा. कागदाच्या पुडीत होत्या. बंदूक मी व्हाइसच्या जबड्यात धरली. शेडच्या काजळाची वाटी मी पडवीतून आणून तिच्या जागेवर ठेवली. काजळ वाळलंय का ते बघायला तिने आदल्या दिवशी मध्ये बोट दाबलं होतं, त्याचा ठसा तसाच होता. रेघांसकट.

मी कडेचं काजळ घेतलं. बुचीला लावलं, भोकात फिरवली, बाहेर काढून बघितली, घासली, पुन्हा लावली. बसली तशी ठोकली, वरून कानस मारून सपाट केली. मग दुसरी. कडेचं काजळ संपत आलं होतं.

सुभेदार दारात येऊन उभा होता. आधी त्याला वाटलं असेल मी दुर्बीण बसवतोय. मग त्याला दिसलं. मी भोकं बुजवत होतो. तो जवळ आला. रागावला नव्हता. केविलवाणा म्हणाला, "अरे, तिला आता काय कळणार आहे?"

मी कानशीतला कीस झटकला. चिपळुणात नाहीतर कोल्हापुरात कुणीतरी त्याला नवी भोकं पाडून देईल, हे मला माहीत होतं. उद्याच्या पारधीपुरतं मात्र नाही.

एक भोक राहिलं होतं. वाटीत कडेला काही उरलं नव्हतं, मध्येच होतं. मी तिच्या ठशावर बोट ठेवलं आणि काजळ घेतलं. बुचीला लावलं, भोकात घालून फिरवली, काढून उजेडात धरली. सगळीकडे सारखं काळं लागलं होतं.

मग ठोकली.